जाळीच्या पायथ्याशी एकतीस ग्रॅम : गोकुळ शिरगावच्या एका ब्रेझिंग प्रकरणाचा अभ्यास

कोल्हापूरची औद्योगिक ओळख ओतकामाची. शिरोलीपासून कागलपर्यंत बिडाचे आणि एसजी आयर्नचे ओतीव भाग, पंप, ऑइल इंजिनांचे सुटे भाग हे इथले नेहमीचे काम. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्याचे हे प्रकरण आहे, त्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे व्हॅक्यूम भट्टी आहे. डाय आणि टूलच्या हार्डनिंगवर ती भट्टी चालते, आणि मधल्या काळात स्टेनलेस स्टीलच्या उष्णता-विनिमयकांचे निकेल ब्रेझिंगही तिथे होते, म्हणजे मूळ भाग न वितळवता मधे निकेलचा मिश्रधातू (फिलर) वितळवून केलेली जोडणी. या कामाचा बोलबाला ऐकून एका पुरवठादाराने त्यांना विमानाच्या इंजिनात बसणाऱ्या सीलच्या चाचणी-रिंगा करायला दिल्या. दोन रिंगा बिघडल्यावर मालकांनी मला बोलावले. भट्टी उत्तम होती, फिलरची निवडही चुकलेली नव्हती, तरीही सीलची जाळी मोडत होती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगे वाटले.

काम असे होते. इन्कोनेल ७१८ या निकेलच्या उष्णतारोधी मिश्रधातूची रिंग, आतला व्यास ३०० मि.मी., रुंदी २० मि.मी. तिच्या आतल्या पृष्ठभागावर हॅस्टेलॉय एक्स या तशाच दुसऱ्या मिश्रधातूच्या पातळ पत्र्याची, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांची हनीकोंब जाळी बसवायची : पत्र्याची जाडी ०.०७५ मि.मी., घराचा आकार १.६ मि.मी., जाळीची उंची ८ मि.मी. इंजिनात फिरत्या भागावरच्या धारदार कडा या जाळीला घासून आपली वाट कोरतात आणि त्यामुळे फट कमीत कमी राहून गरम वायूची गळती आटोक्यात राहते. जाळीने झिजायचे आणि कडांनी शाबूत राहायचे, अशी ही वाटणी आहे. म्हणून जाळी रिंगला घट्ट धरलेली हवी, पण तिचा पत्रा मऊच राहायला हवा. घरे फिलरने भरली, किंवा पत्रा कडक आणि ठिसूळ झाला, तर सांधा कितीही मजबूत असला तरी तो भाग निकामी समजायचा.

ड्रॉइंगमध्ये फिलर दिलेला होता : एएमएस (विमान-उद्योगातली साहित्य-विनिर्देश मालिका) ४७७७, म्हणजे ब्रेझिंगच्या वर्गीकरणातला बीएनआय-२. निकेलमध्ये साधारण ७ टक्के क्रोमियम, ३ टक्के लोह, ४.५ टक्के सिलिकॉन आणि ३.१ टक्के बोरॉन. हा मिश्रधातू ९७१ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि ९९९ अंशांना पूर्ण पातळ होतो. कारखान्याला तो परका नव्हता. स्टेनलेसच्या कामासाठी त्याचीच पेस्ट सिरिंजमध्ये भरून वापरली जात होती.

पहिली आणि दुसरी रिंग

पहिल्या रिंगवर पेस्ट लावली, जाळी स्पॉट वेल्डिंगने जागोजाग टाचली आणि १०५० अंशांना १० मिनिटे ठेवून ब्रेझिंग केले. रिंगच्या पाठीकडून अल्ट्रासॉनिक तपासणी केली तेव्हा बऱ्याच ठिकाणी सांधा धरलेलाच नव्हता. त्या जागी घरांच्या तळाशी रिंगचा पृष्ठभाग निस्तेज, करडा दिसत होता आणि फिलर पसरण्याऐवजी गोळे होऊन बसला होता.

भट्टीवरचे मिस्त्री मूळचे हुपरीचे, चांदीकाम करणाऱ्या घरातले. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या हातातले कसब वादातीत आहे, आणि त्यांनी केले ते त्यांच्या अनुभवाला धरूनच केले. चांदीच्या दागिन्याला डाख कमी पडला की सांधा धरत नाही; तेव्हा थोडा जास्त डाख घ्यायचा, ऊब वाढवायची आणि उरलेला नंतर घासून काढायचा. दुसऱ्या रिंगला पेस्ट जवळजवळ दुप्पट लावली गेली, तापमान १०८० अंशांवर नेले आणि वेळ अर्धा तास केला. रिंग बाहेर आली ती पाहण्यासारखी होती. प्रत्येक घराच्या तळाशी सांध्याच्या कोपऱ्यात साठलेल्या फिलरची चकचकीत, गुबगुबीत कड, आणि अल्ट्रासॉनिकवर एकही मोकळी जागा नाही. मालकांनी फोटो काढून पुरवठादाराला पाठवले.

मग जाळीचा आतला व्यास मापात आणण्यासाठी ग्राइंडिंगला घेतले आणि पत्रा तुटू लागला. ग्राइंडिंगखाली चांगल्या जाळीच्या कडेला बारीक बूर येतो, पत्रा थोडा दुमडतो. इथे बूर न येता घरांचे कोपरे तुकड्यातुकड्याने गळत होते. मी गेलो तेव्हा मामांनी चिमट्याने एक घर पकडून माझ्यासमोरच मोडून दाखवले आणि म्हणाले, “साहेब, फिलरनं पत्रा खाल्लाय बघा. वरनं दिसत न्हाई, पण बुडातनं खाल्लाय.”

निदान त्यांनी अचूक केले होते. पुढचे काम फक्त ते मोजण्याचे आणि त्याचे कारण शोधण्याचे होते.

पत्रा कसा खाल्ला गेला

रिंगचा एक तुकडा कापून, राळेत बसवून, पॉलिश आणि एचिंग करून (रसायनाने पृष्ठभाग किंचित कोरून) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जाळीच्या पायथ्याशी पत्र्याची जाडी काही ठिकाणी निम्म्यावर आली होती. त्याहून वाईट गोष्ट वर दिसत होती : जिथे दोन घरांचे पत्रे पाठीला पाठ लावून येतात, त्या दुहेरी भिंतीच्या फटीतून फिलर केशाकर्षणाने थेट वरच्या कडेपर्यंत चढला होता, आणि त्या भिंतींच्या कणसीमांवर गडद साखळ्या दिसत होत्या. सूक्ष्म-कठीणता मापनात त्या भागाचा आकडा अस्पर्शित पत्र्याच्या कितीतरी वर गेला. नेहमीच्या ईडीएस विश्लेषणात (क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखण्याच्या पद्धतीत) बोरॉन इतक्या हलक्या मूलद्रव्याचा भरवशाचा आकडा मिळत नाही, म्हणून एचिंग आणि कठीणता यांच्यावरच विसंबावे लागले. पण चित्र स्पष्ट होते. त्या साखळ्या क्रोमियम आणि मॉलिब्डेनमयुक्त बोराइडच्या, म्हणजे फिलरमधल्या बोरॉनशी झालेल्या कठीण संयुगांच्या होत्या. हॅस्टेलॉय एक्समध्ये सुमारे २२ टक्के क्रोमियम आणि ९ टक्के मॉलिब्डेनम असल्याने बोरॉनला तिथे जोडीदार भरपूर मिळतात.

बीएनआय-२ मधला बोरॉन दोन कामे करतो. एक, निकेलचा वितळणांक शेकडो अंशांनी खाली आणतो. शुद्ध निकेल १४५५ अंशांना वितळते, आणि बोरॉन व सिलिकॉनमुळे हा मिश्रधातू हजार अंशांच्या आतच पातळ होतो. दोन, त्याचा अणू इतका लहान आहे की मूळ धातूच्या अणूंच्या मधल्या जागांतून तो झपाट्याने आत शिरतो. जाड भागांच्या जोडणीत हे दुसरे काम फायद्याचे ठरते. फट अरुंद असली, साधारण ०.०५ मि.मी.च्या आत, तर बोरॉन दोन्ही बाजूंच्या धातूत विरून जातो, सांध्यातला द्रव त्याच तापमानाला गोठतो आणि मधोमध ठिसूळ युटेक्टिकची (सर्वांत शेवटी गोठणाऱ्या मिश्रणाची) रेघ उरत नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या डुव्हॉल, ओझार्स्की आणि पॉलोनिस यांनी १९७४ साली ‘ट्रान्झियंट लिक्विड फेज’ जोडणी म्हणून मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. पण त्यात एक अट दडलेली आहे : बोरॉन सामावून घ्यायला शेजारी पुरेसा धातू हवा. ०.०७५ मि.मी.च्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी द्रव भिडलेला असेल, तर प्रत्येक बाजूच्या वाट्याला ३७ मायक्रॉन धातू येतो. तेवढ्यात बोरॉन विरत नाही, साठतो. आणि द्रव फिलर तृप्त होईपर्यंत पत्र्यातले निकेल स्वतःत विरघळवत राहतो.

किती फिलर होता हे कोणी तोलले नव्हते, पण स्टोअरच्या नोंदवहीतून हिशोब लागला. दुसऱ्या रिंगसाठी सुमारे ३५ ग्रॅम पेस्ट खर्ची पडली होती. बाइंडर (धातूची भुकटी बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) वजा करता धातू सुमारे ३१ ग्रॅम. जाळीखालच्या पृष्ठभागाचे क्षेत्र साधारण १८८ चौरस सें.मी., तेव्हा हा फिलर सपाट पसरला तर ०.२ मि.मी. जाडीचा थर होतो. आता जाळीकडे पाहा. या मापाच्या जाळीत पत्रा एकूण आकारमानाच्या फक्त आठव्या हिश्शाएवढा असतो, बाकीची पोकळी. पायथ्यापासून १ मि.मी. उंचीपर्यंतच्या सगळ्या पत्र्याचे वजन जेमतेम १९ ग्रॅम भरते. म्हणजे १९ ग्रॅम पत्र्याच्या पायाशी, १०८० अंशांना, अर्धा तास, ३१ ग्रॅम भुकेला द्रव उभा केला होता. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर तापमान मोठे की वेळ मोठी हा वाद तिथेच संपला. दोन्हींनी हातभार लावला होता, पण मूळ भांडवल त्या ३१ ग्रॅमचे होते.

मुळात पहिली रिंग का धरली नाही

जाळी खाल्ली गेली हे दुसऱ्या रिंगचे दुखणे. पण पेस्ट वाढवावीशी वाटली ती पहिल्या रिंगमुळे, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

हुपरीच्या कामात डाखाबरोबर टाकणखार असतो. तो तापल्यावर वितळतो, धातूवरचे ऑक्साइड विरघळवतो आणि डाखाला स्वच्छ पृष्ठभाग देतो. व्हॅक्यूम भट्टीत टाकणखार नाही. त्याची जागा निर्वाताने घ्यावी अशी अपेक्षा असते आणि स्टेनलेसच्या बाबतीत ती पुरी होते, कारण चांगल्या निर्वातात हजार अंशांच्या आसपास क्रोमियमचे ऑक्साइड टिकत नाही. हॅस्टेलॉय एक्सची जाळीसुद्धा त्यामुळेच कुरकुर करत नाही. इन्कोनेल ७१८ मध्ये मात्र सुमारे ०.९ टक्के टायटॅनियम आणि ०.५ टक्के ॲल्युमिनियम असते. या मिश्रधातूची ताकद काही अंशी त्यांच्यावरच उभी आहे, पण त्यांची ऑक्साइडे इतकी चिवट असतात की कारखान्यातला निर्वात त्यांना हलवू शकत नाही. उलट भट्टीत उरलेल्या थोड्याशा ऑक्सिजनशीही हे धातू तापताना संयोग पावतात आणि पृष्ठभागावर नवा पापुद्रा धरतात. त्या करड्या निस्तेज जागा म्हणजे तो पापुद्रा. त्यात भर म्हणून नेहमीच्या सवयीने रिंग आधी ॲल्युमिनाने ब्लास्ट केलेली होती, आणि ॲल्युमिनाचे बारीक कण पृष्ठभागात रुतून राहतात. फिलर त्यांच्यावर पसरत नाही.

पहिल्या रिंगचा दोष असा पृष्ठभागाचा होता आणि त्यावर इलाज झाला फिलरच्या प्रमाणाचा. पुष्कळ फिलर, जास्त ऊब, जास्त वेळ यांच्या जोरावर द्रव पापुद्र्याखाली घुसला, त्याला फोडून पुढे गेला आणि सांधा धरला. त्याची किंमत जाळीने मोजली. सांध्याचे आणि जाळीचे असे दोन वेगळे आजार एकाच नळीतून आलेल्या पेस्टच्या खाती जमा झाले होते, म्हणून निदान इतके दिवस लांबले.

पर्याय

मालकांचा पहिला कल फिलर बदलण्याकडे होता. तो अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून प्रत्येक पर्याय कागदावर मांडला.

बीएनआय-५, म्हणजे एएमएस ४७८२, यात बोरॉन नाही; निकेलमध्ये १९ टक्के क्रोमियम आणि सुमारे १० टक्के सिलिकॉन. पातळ पत्र्यासाठी आणि हनीकोंबसाठी तो मुद्दाम वापरला जातो. पण तो १०७९ अंशांना वितळू लागतो, ११३५ ला पातळ होतो, आणि ब्रेझिंगला ११५० ते १२०० अंश लागतात. रिंगही हॅस्टेलॉय एक्सची असती तर मी दुसरा विचार केला नसता, कारण त्या धातूचा स्वतःचा उष्णोपचारच ११७५ अंशांना होतो. ७१८ च्या रिंगमध्ये त्या तापमानाला कण बेसुमार वाढतात. शिवाय या फिलरची पातळ अमॉर्फस फॉईल हवी असेल तर आणखी एक गंमत आहे : वितळलेला धातू फिरत्या तांब्याच्या चाकावर क्षणार्धात गोठवून ती फॉईल काढतात, आणि काचेसारखी गोठण्यासाठी मिश्रणात बोरॉन लागतोच. त्यामुळे फॉईलच्या रूपात मिळणाऱ्या बीएनआय-५ए मध्ये सुमारे दीड टक्का बोरॉन असतो. ज्याला टाळायला निघालो तो मागल्या दाराने परत येतो.

फॉस्फरसवाला बीएनआय-७ हा ८८८ अंशांना वितळतो आणि पत्रा फारसा खात नाही, पण ड्रॉइंगच्या मंजूर यादीत फॉस्फरसयुक्त फिलर नव्हता. तो विषय तिथेच मिटला.

सोन्याचा पर्याय मात्र बराच वेळ टेबलावर राहिला. बीएयू-४, म्हणजे ८२ टक्के सोने आणि १८ टक्के निकेल, हा सुमारे ९५० अंशांना जवळजवळ एकाच तापमानाला वितळतो, लवचीक सांधा देतो आणि पातळ पत्र्याला इजा करत नाही. हिशोब केला : या रिंगवर ४० मायक्रॉनचा थर द्यायचा तर फिलरचे वजन १२ ग्रॅम, त्यात सोने सुमारे १० ग्रॅम. दर रिंगमागे एक तोळा. मालकांनी गुजरीतला, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातला त्या दिवशीचा भाव फोनवर विचारला आणि कागद बाजूला सारला. मलाही तो नको होता, पण वेगळ्या कारणाने : सोन्याचा फिलरही पापुद्रा धरलेल्या ७१८ वर पसरला नसता. मूळ दोष तसाच ठेवून एक तोळा भट्टीत घालण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा फिलर तोच ठेवायचा, रूप आणि प्रमाण बदलायचे, आणि आधी रिंगचा पृष्ठभाग दुरुस्त करायचा, असे ठरले.

चमक नसलेले निकेल

७१८ सारख्या धातूंवर ब्रेझिंगआधी निकेलचा पातळ मुलामा देण्याची पद्धत जुनी आहे. मुलामा टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमला झाकतो, आणि शुद्ध निकेलचे ऑक्साइड निर्वातात सहज सुटते. आम्ही १० ते १५ मायक्रॉन मागितले. उद्यमनगरात प्लेटिंग करणारे चांगले कारागीर आहेत, पण त्यांची सगळी वहिवाट शोभेच्या निकेलची. तिथल्या टाकीत चमक आणणारी सेंद्रिय द्रव्ये असतात, त्यांतून गंधक मुलाम्यात येते, आणि उच्च तापमानाला ते गंधक निकेलच्या कणसीमांवर जाऊन त्याला ठिसूळ करते. विजेविना होणारे निकेल प्लेटिंगही चालणार नव्हते. त्यात फॉस्फरस असतो आणि तो थर ९०० अंशांच्या आतच वितळू लागतो. हवे होते ते ब्राइटनर न घातलेले, सल्फामेटच्या टाकीतले निस्तेज निकेल.

प्लेटरना हे पटवायला वेळ लागला. “साहेब, असला मळकट माल माझ्या दुकानातनं बाहेर पडला तर लोक नावं ठेवतील,” असे ते म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने ते रास्तच होते. शेवटी एक लहान टाकी फक्त या कामासाठी बाजूला ठेवायची आणि मालावर कारखान्याची चिठ्ठी लावायची, यावर तडजोड झाली. चाचणीपट्टी मुलामा देऊन भट्टीतून काढली. मुलामा फुगला नाही, सोलला नाही, तेव्हा रिंग दिली. ॲल्युमिनाचे ब्लास्टिंग या कामापुरते बंद केले.

तिसरी रिंग

पेस्टऐवजी ३८ मायक्रॉन जाडीची बीएनआय-२ ची अमॉर्फस फॉईल घेतली. तिच्यात बाइंडर नाही, म्हणून ४५०-५०० अंशांवर धूर निघून भट्टी मळण्याचा प्रश्न नाही. आणि जाडी ठरलेली असल्याने प्रमाण कारागिराच्या हातावर अवलंबून राहत नाही. या रिंगला फॉईल लागली ५.७ ग्रॅम. ३१ च्या जागी ५.७.

तापमान ठरवताना रिंगचाच विचार पुढे ठेवला. ७१८ साठी १०३८ ते १०६६ अंशांचा द्रावण-उपचार (मिश्रधातूतले घटक विरघळवून एकजीव करणारा उष्णोपचार) सांगणारे एएमएस ५६६४ हे विनिर्देश आहे आणि ड्रॉइंगमधला पुढचा एजिंग-उपचार (कमी तापमानाला ठेवून ताकद आणणारा) त्याच मार्गातला होता. फिलर ९९९ अंशांना पातळ होतो. तेव्हा १०४५ अंश हे दोन्ही बाजूंना बसणारे तापमान ठरले. दुसऱ्या रिंगचे १०८० त्या चौकटीबाहेर होते. भट्टीत निर्वात मिलिबारच्या लाखाव्या हिश्शाच्या घरात आणला, ९४० अंशांवर थांबून रिंगला लावलेल्या सगळ्या थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारांचे) आकडे एकत्र येऊ दिले, मग झपाट्याने वर नेऊन १० मिनिटे धरले. ९४० वर थांबण्याचे कारण हे की जाड रिंग मागे राहते आणि पातळ जाळी आधी तापते. तसेच वर गेले तर वितळलेला फिलर गरम जाळीकडे पळतो आणि रिंग कोरडी राहते. थंड करतानाही फिलर पूर्ण गोठेपर्यंत निर्वातातच ठेवून नंतर आर्गॉन सोडला.

ही रिंग दिसायला दुसरीपेक्षा साधी होती. कडा बारीक, गुबगुबीतपणा नाही. मामा बराच वेळ भिंगातून पाहत होते. अल्ट्रासॉनिकवर सांधा सगळीकडे धरलेला दिसला, फक्त जिथे फॉईलच्या पट्टीची दोन टोके समोरासमोर आली होती तिथे एक अरुंद मोकळी रेघ निघाली. पुढच्या रिंगला टोके तिरपी कापून एकमेकांवर किंचित चढवली आणि ती रेघ गेली. छेद घेतल्यावर पायथ्याशी पत्र्याची जाडी जवळजवळ पूर्ण मिळाली. बोराइडच्या साखळ्या सांध्याच्या कडेच्या आसपासच थांबल्या होत्या आणि दुहेरी भिंतीत फिलर थोडाच वर गेला होता. ग्राइंडिंगला बूर आला. एरवी कारागीर ज्या बुराला शिव्या घालतो, तो पाहून इथे सगळ्यांना हायसे वाटले.

दुरुस्तीबद्दलचा नियम मात्र कडक करावा लागला. पूर्वी मोकळी जागा सापडली की तिथे पेस्ट लावून रिंग पुन्हा भट्टीत जात असे. प्रत्येक फेरीत बोरॉन आणखी खोल जातो, ७१८ चे कणही वाढतात. आणि पहिल्या फेरीत बोरॉन विरून गेलेला सांधा दुसऱ्यांदा त्याच तापमानाला वितळत नाही, म्हणून जुन्या फिलरची मदतही मिळत नाही. ग्राहकाची लेखी संमती असल्याशिवाय दुसरी फेरी नाही, असे प्रक्रिया-पत्रकात घातले. त्याच पत्रकात फिलरसाठी पूर्वी “आवश्यकतेनुसार” असा शब्द होता. तिथे आता ग्रॅममधला आकडा आहे आणि फॉईल तोलल्याची सही लागते.

रिंगा पुरवठादाराकडे घर्षण-चाचणीसाठी गेल्या आहेत. दरम्यान त्यांच्याकडून दुसऱ्या जाळीची विचारणा आली आहे : घराचा आकार तोच, पण पत्रा ०.०५ मि.मी.चा. म्हणजे पायथ्याच्या १ मि.मी. उंचीतला पत्रा १९ ग्रॅमवरून १३ ग्रॅमच्या आसपास येतो. ३८ मायक्रॉनची फॉईल त्याला जड होईल; २५ मायक्रॉनची घेतली तर फिलर ३.७ ग्रॅम भरतो आणि दोन्हींचे प्रमाण आत्ताइतकेच राहते. पण इतक्या पातळ फॉईलला जाळी आणि रिंग यांच्यातली फटही तितकीच घट्ट लागते, त्यामुळे टाचण्याचे टाके जवळजवळ घ्यावे लागतील. त्याचा नमुना मामा आधी सपाट पट्टीवर करून पाहणार आहेत.